दिवाळीच्या सुट्टीत तंबू कुठे ठोकायचा?

ओवीची आई (२०३): शुभ सकाळ. जरा स्पष्टच लिहिते, राग मानू नका. दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन परदेशात कॅम्पिंगला जायचं, हे पाडव्याच्या मीटिंगला ठरलं. तेव्हा निम्म्या सोसायटीने हात वर केले होते. त्यानंतर मी काही विचारलं की नुसते अंगठे येतात. तिकिटांचे भाव आपल्यासाठी थांबणार नाहीत. मागच्या बामणोलीच्या कॅम्पिंगला ऐन वेळी चार घरं मागे सरली आणि तंबूंचे पैसे उरलेल्यांवर पडले, तसं या वेळी नको. कोण येणार ते आज सांगा.

कबीरचे बाबा (३०२): बामणोली प्रत्येक वेळी कशाला? कबीरला ताप होता, सगळ्यांना माहीत आहे.

ओवीची आई (२०३): तुमचं नाव घेतलेलं नाही दादा.

कबीरचे बाबा (३०२): घ्यायची गरज कुठे आहे. चार घरांत आम्ही होतोच.

४०१ काका: मुलांचे पासपोर्ट झाले का?

१०४ बापू: आवं वैनी, कोण येणार ते सांगतो, पण जायाचं कुठं ते आधी फायनल करा की.

कबीरचे बाबा (३०२): मी मीटिंगमध्येच सांगितलं होतं, फ्रान्स. माझा मेव्हणा नेदरलँड्सला असतो, ते दरवर्षी गाडी घेऊन तिकडे कॅम्पिंगला जातात. तिथल्या नगरपालिकांची स्वतःची कॅम्पिंगची मैदानं आहेत, स्वस्त असतात. स्वच्छ संडास-बाथरूम, भांडी घासायला वेगळी जागा, मुलांना खेळायला झोके. तंबू नको असेल तर मोबाइल होम मिळतं, आत गॅस, फ्रिज, बेड सगळं. हॉटेलच्या निम्म्यात काम होतं.

सेक्रेटरी वहिनी: वा! तिकडे नेऊन द्यायला कंदी पेढे किती किलो घ्यायचे? 😄

डॉक्टर मॅडम (३०४): एकही नाही वहिनी. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढा म्हणजे खवाच. विमानतळावर काढून टाकतील.

१०४ बापू: सातारचा पेढा टाकून देणार?? मग मला न्हाय जायाचं असल्या देशात.

सेक्रेटरी वहिनी: 😂😂 बापूंनी युरोपवर बहिष्कार टाकला.

ओवीची आई (२०३): पेढे राहू द्या, मी फ्रान्सचा हिशोब केलाय तो वाचा. शेंगेन व्हिसाची, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना माफ. म्हणजे दोन मोठे आणि एक शाळकरी मूल धरलं तर २२५ युरो नुसत्या फीला. व्हिसा सेंटरचा सेवा आकार वेगळा. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. व्हिसा नाकारला तर फी परत नाही. आणि दादा, दिवाळीत तिकडे थंडी पडलेली असते, यातली बरीच मैदानं तोवर बंद झालेली असतात. ती वसंतात उघडतात. जुलै-ऑगस्टला त्यांच्या शाळांना सुट्टी, म्हणून तेव्हा सगळ्यात महाग. मे महिन्यात जायचं असेल तर फ्रान्सचा विचार खरंच करू, तेव्हा गर्दी कमी आणि भावही कमी. दिवाळीला नको.

कबीरचे बाबा (३०२): हे मीटिंगमध्ये का नाही बोललात?

ओवीची आई (२०३): मीटिंगमध्ये तुम्हीच बोलत होतात.

चेअरमन साहेब: कृपया वैयक्तिक शेरे टाळावेत. ग्रुपची शिस्त पाळावी.

४०१ काका: मुलांचे पासपोर्ट झाले का? उत्तर आलेले नाही.

फौजी काका (१०१): जय हिंद. सगळ्यांनी नेपाळ घ्यावं. व्हिसा नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ च्या वरच्या माणसांना नुसतं आधार कार्ड पुरतं, हा नियम २०१९ पासून आहे. पुण्याहून गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, पुढे पोखरा. फेवा तलावाच्या काठाला तंबू. नोव्हेंबरात आभाळ स्वच्छ, समोर अन्नपूर्णा. मी गोरखा पलटणीबरोबर राहिलोय, माणसं जीव लावणारी.

डॉक्टर मॅडम (३०४): काका, पोखरा मलाही आवडेल, उंचीही जास्त नाही, मुलांना त्रास होणार नाही. पण रेल्वेचा दीड दिवस, पुढे घाटातली बस, आणि तेच परत. तीन-चार वर्षांची पोरं बसमध्ये ओकून ओकून बेजार होतील. सुट्टीतले चार दिवस रस्त्यात जातील.

फौजी काका (१०१): आमची पोरं जनरल डब्यातनं मोठी झाली.

डॉक्टर मॅडम (३०४): मान्य आहे काका. त्यांच्या आईला विचारा एकदा.

सेक्रेटरी वहिनी: नेपाळमध्ये दिवाळीलाच तिहार नावाचा सण असतो ना? त्यात एक दिवस कुत्र्यांना हार घालून टिळा लावतात. किती छान!

कबीरचे बाबा (३०२): बी विंगवाल्यांना तिकडेच पाठवा. आमच्या पार्किंगमध्ये रोज तिहार चालू आहे. काल कुत्र्यांनी पुन्हा सीट कव्हर फाडलं.

आर्यनची आत्या (बी-२०२): दूध-पोळी मी गेटबाहेर घालते. पार्किंगमध्ये कोण घालतं ते कॅमेऱ्यात बघा आणि मग बोला. मुक्या जनावरांवर राग काढून काय मिळतं?

कबीरचे बाबा (३०२): कॅमेरा बंद आहे. तीन मीटिंगा झाल्या त्यावर.

चेअरमन साहेब: कॅमेऱ्याचे कोटेशन मागवले आहे.

१०४ बापू: कोटेशन म्हातारं झालं आता 😀

४०१ काका: मुलांचे पासपोर्ट झाले का? कृपया विषयावर यावे.

ओवीची आई (२०३): खरंच विषयावर या. मी माझं मत मांडते, पटलं नाही तर खोडून काढा.

थायलंड. पण बँकॉक-पट्टाया नाही. खाओ याई नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, बँकॉकपासून गाडीने साधारण तीन तासांवर. १९६२ मध्ये झालेलं त्यांचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, २००५ पासून तो सगळा जंगलपट्टा युनेस्कोच्या यादीत आहे. आत सरकारी कॅम्पिंगच्या जागा आहेत, लाम ताखोंग आणि फा क्लुआई माई. तंबू, चटई, स्लीपिंग बॅग तिथेच भाड्याने मिळतात. साताऱ्याहून सामान वाहायचं नाही, विमानात जादा वजनाचे पैसे नाहीत. स्वतःचा तंबू लावला तर जागेचं भाडं माणशी रात्रीला ३० बाथ. परदेशी माणसाला उद्यानात शिरायचे ४०० बाथ, लहान मुलांना २००. बाथ म्हणजे त्यांचं चलन, अडीच-तीन रुपयांच्या मध्ये धरा. लाम ताखोंगला खाण्याचे स्टॉल आहेत, स्वच्छतागृहं आहेत. सांबर हरणं तंबूंजवळ चरतात. रात्री गिबन वानरांचा नाही पण रातकिड्यांचा आवाज मिळेल, गिबन पहाटे ओरडतात.

महाग पडतं ते विमान. म्हणून जागा बदलत फिरायचं नाही. एकाच मैदानावर मुक्काम, आणि एक व्हॅन सगळ्यांत मिळून. लहान मुलांना रोज नवीन गाव नको असतं. त्यांना माती, पाणी आणि दिवसभर सोबतीला बाकीची पोरं लागतात. ओवी बामणोलीची होडी विसरली, पण तिथल्या शिवसागर जलाशयाच्या काठाला दगड गोळा केले ते अजून सांगते. तिला पुन्हा तेच द्यायचंय मला, फक्त हत्तीच्या जंगलात.

डॉक्टर मॅडम (३०४): हे मला पटतं. एकाच जागी राहिलं की मुलांची झोप बिघडत नाही, अर्धी आजारपणं तिथेच टळतात. फक्त जळवा असतात त्या जंगलात, पाऊस नुकता सरलेला असला की जास्त. तिथे जळवांचे मोजे मिळतात, गुडघ्यापर्यंतचे, ते सगळ्यांनी घ्यायचे. डासांचं मलम, ओआरएसच्या पुड्या, तापाचं औषध मी काढून देईन. अंगभर कपडे. संध्याकाळी स्वेटर लागेल.

१०४ बापू: हत्ती खरोखरचे का? मोकळे?

ओवीची आई (२०३): हो बापू, रानटी. रस्त्यावर येतात कधी कधी. गाडी थांबवायची, हॉर्न नाही, उतरायचं नाही. आणि माकडं आहेत. तंबूत खाऊ ठेवला तर महाबळेश्वरला होतं तेच होईल.

फौजी काका (१०१): स्वयंपाकाला माझा छोटा गॅस आणि दोन सिलिंडर घेऊ. पैसे वाचतील.

ओवीची आई (२०३): काका, गॅसचा डबा विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत.

फौजी काका (१०१): बरं. मग मी तंबू बांधायला येतो. पोरांना गाठी शिकवतो.

आर्यनची आत्या (बी-२०२): नोव्हेंबरच्या पौर्णिमेला तिकडे लोय क्राथोंग असतो, केळीच्या खोडाच्या छोट्या होड्या करून त्यात दिवा लावून पाण्यात सोडतात. म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमाच आली. संगम माहुलीला आपण दिवे लावतो तसंच. सुट्टी तिथवर लांबवता आली तर मुलांना दोन्ही बघता येईल.

सेक्रेटरी वहिनी: शाळा देणार आहे का एवढी सुट्टी?

कबीरचे बाबा (३०२): व्हिसाचं काय? ते कुणी बोलत नाही.

ओवीची आई (२०३): जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना ६० दिवसांची व्हिसामाफी दिली. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्यांच्या वकिलातीच्या साइटवर पुन्हा बघायचं. मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा. आणि बापू, तुमच्या मंडळींनाही सांगा, राष्ट्रीय उद्यानात दारूला पूर्ण बंदी आहे.

१०४ बापू: माझ्याकडंच का बघताय वैनी.

सेक्रेटरी वहिनी: 😂

४०१ काका: मी चौथ्यांदा विचारतो आहे, कारण कोणी मनावर घेत नाही. लहान मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो, मोठ्यांसारखा १० नाही. ज्यांनी बाळ असताना काढला त्यांनी कपाट उघडून तारीख बघावी. प्रवासाच्या वेळी निदान सहा महिने शिल्लक असले पाहिजेत. फी १००० रुपये. आठ वर्षांखालच्या मुलांच्या नव्या अर्जाला १० टक्के सूट आहे. आई-वडील दोघांच्या सहीचं जोडपत्र डी लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्यावा. तुम्ही फ्रान्स करा, थायलंड करा, पोराचा पासपोर्ट नसेल तर काही होणार नाही.

कबीरचे बाबा (३०२): काका, आत्ता बघितलं. कबीरचा मार्चमध्ये संपलाय.

४०१ काका: म्हणून विचारत होतो बाळा.

डॉक्टर मॅडम (३०४): आमच्या धाकटीचा काढलेलाच नाही. आणि हे जहाजावर आहेत, सही कशी आणायची?

४०१ काका: एका पालकाची सही मिळत नसेल तर जोडपत्र सी असतं. संध्याकाळी कागद घेऊन वर या, मी फॉर्म भरून देतो.

ओवीची आई (२०३): काका, मनापासून आभार. मग एक सुचवते. पुढच्या शनिवारी पाऊस सुरू व्हायच्या आत गच्चीवर एक रात्र तंबूत झोपू. कोणाचं मूल रात्री रडतं, कोणाला अंधाराची भीती वाटते, कोणाला संडासला दहा वेळा उठावं लागतं, ते इथेच कळू दे. परदेशात जाऊन कळलं तर परत फिरता येणार नाही.

चेअरमन साहेब: गच्चीचे वॉटरप्रूफिंग नुकतेच झाले आहे. खिळे ठोकण्यास परवानगी मिळणार नाही.

फौजी काका (१०१): साहेब, घुमटाच्या तंबूला खिळा लागत नाही. चार कोपऱ्यांत पाण्याचे कॅन ठेवतो. माझी जबाबदारी.

आर्यनची आत्या (बी-२०२): गच्चीची किल्ली गेल्या उन्हाळ्यापासून ए विंगकडेच आहे. आम्ही कुरडया खाली अंगणात वाळवल्या, तेव्हा कुणाला गच्ची आठवली नाही. आता मिळेल ना?

सेक्रेटरी वहिनी: मिळेल हो. मागितली असती तर तेव्हाही मिळाली असती.

आर्यनची आत्या (बी-२०२): दोनदा मागितली होती. असो. आर्यन येईल झोपायला.

कबीरचे बाबा (३०२): कबीरपण. आणि वहिनी, बामणोलीचे राहिलेले पैसे आज पाठवतो, हा विषय मला पुन्हा ग्रुपवर नको.

ओवीची आई (२०३): पुन्हा निघणार नाही दादा. व्हॅन ठरवायला तुमच्या मेव्हण्यांची मदत लागेल, त्यांना अशा सहलींची सवय आहे. तुम्ही विचाराल का?

कबीरचे बाबा (३०२): विचारतो.

१०४ बापू: आमची दोन मोठी, दोन बारकी धरा. पासपोर्ट एकाचाबी न्हाय. काका, मी पण येतो संध्याकाळी.

४०१ काका: या. जन्मदाखले, आधार आणि पत्त्याचा पुरावा घेऊन या. मूळ प्रती.