बांधावरच्या भांडणात भावावर गुन्हा दाखल झालाय, कोर्टात "कबूल" म्हणून दंड भरून टाकावा का?

केळीवाला_रावेर
नमस्कार मंडळी, तीन दिवस झाले नीट झोप नाहीये म्हणून इथं लिहितोय. आमची रावेर तालुक्यात केळी आहे, शेजारच्यांशी बांध आणि पाइपलाइनच्या व्हॉल्ववरून जुना वाद. मागच्या महिन्यात रात्री लाइट आली म्हणून लहान भाऊ आणि आबा पाणी भरायला गेले, तिथं झटापट झाली, त्यांच्या पोराच्या हाताला फावडं लागलं आणि आमच्या आबांच्या डोक्यात लाकडी दांडा, तीन टाके पडले. पण ते आधी पोलीस स्टेशनला पोचले, त्यांची एफआयआर झाली आणि आमची नुसती एनसी (अदखलपात्र नोंद). कलमं अशी आहेत, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ११८(१) म्हणजे घातक हत्याराने दुखापत, ११५(२) साधी दुखापत, ३५२ अपमान, ३५१(२) धमकी आणि ३(५) सगळ्यांनी मिळून केलं. त्यात माझं पण नाव टाकलंय, मी त्या रात्री केळीची गाडी भरून जळगावला होतो! आता भावाला आणि मला बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३५(३) ची नोटीस आलीय, परवा बोलावलंय. गावातले म्हणतात ११८ अजामीनपात्र आहे, आत टाकतील, त्यापेक्षा कोर्टात कबूल करा, हजार-दोन हजार दंड भरा आणि मोकळे व्हा. भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे चारला ग्राउंडवर असतो. काय करावं?

ॲडव्होकेट_धुळे
दादा, आधी एक, परवा तुम्ही आणि भाऊ दोघांनी जायचंच, टाळायचं नाही. ३५(३) ची नोटीस म्हणजे अटक नव्हे, उलट अटक न करता चौकशीला बोलावतात तेव्हाच ती देतात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार केसमध्ये सांगितलंय, आणि ११८(१) ला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत. नोटीस पाळली तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. न गेलात तर तेच कारण होतं. जाताना नोटिशीची झेरॉक्स जवळ ठेवा आणि हजर झाल्याची पोच मागा.

अजामीनपात्र या शब्दाने लोक फार घाबरतात. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही, जामीन पोलीस स्टेशनला हक्काने मिळत नाही, कोर्ट ठरवतं, एवढाच. मनात भीती असेल तर सेशन कोर्टात बीएनएसएस ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, जामीनदार लागला तर सातबारा असलेला नातेवाईक आत्ताच बघून ठेवा.

पोलिसांसमोरच्या जबाबावर आरोपीने सही करायची नसते, कायद्यातच तसं आहे. कोऱ्या कागदावर तर कोणी कितीही गोड बोललं तरी नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण त्यानंतरच्या गोंधळात माणूस अडकतो म्हणून बोलणं मोजकं ठेवा, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कोणालाच करता येत नाही.

पाचोऱ्याचा_नाना
भो, कबूल करायचं मनातून काढून टाक. मी हेच केलं होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी अशीच बांधावरची केस, चार वर्षं तारखा, प्रत्येक तारखेला एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी गेली आणि न्यायाधीश साहेब दुपारी बोर्ड (त्या दिवसाच्या केसेस) संपताना पुढची तारीख देणार. कंटाळून साहेबांनी विचारलं तेव्हा "कबूल आहे" म्हणालो, दंड भरला, पावती खिशात घातली आणि वाटलं सुटलो. नंतर माझ्या स्वतःच्या नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला तोच कागद समोर आला. कबूल म्हणजे दोषी ठरलास, दंड कितीही छोटा असो. माझा राग आजही त्या क्षणावर आहे, वकिलाने नीट समजावलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

भावाला हे पण सांग की भरतीच्या फॉर्मात केस चालू आहे का असं विचारलं तर लपवू नको. लपवणं हा वेगळाच फास आहे.

ॲडव्होकेट_धुळे
नानांचं बरोबर आहे. पुढचा रस्ता सांगतो, म्हणजे अंधारात वाटणार नाही. तपास संपला की दोषारोपपत्र येतं, त्याच्या सगळ्या नकला कोर्टात फुकट मिळतात, हजर झाल्यापासून चौदा दिवसांत. त्या घरी नेऊन स्वतः वाचा, दिवाबत्ती झाल्यावर आबांना मोठ्याने वाचून दाखवा. जखमेचा दाखला, पंचनामा, साक्षीदार कुठे उभे होते, यातच केस असते. दाखल्यात साधी दुखापत आहे की हाड मोडलंय हे पहिलं बघा. तुमच्याविरुद्ध काहीच नाही असं दिसलं तर नकला मिळाल्यापासून साठ दिवसांत दोषमुक्तीचा (खटला चालायच्या आधीच सुटण्याचा) अर्ज करता येतो, तुमचं स्वतःचं नाव तर त्यात बसतं. तुम्ही जळगावला होतात ना, मग गाडीची पावती, पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही आजच बघा, फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं. नंतर चार्ज (आरोप) ठरतो, तेव्हा न्यायाधीश साहेब विचारतात, गुन्हा कबूल आहे का. उत्तर एकच, "नाही".

शिरपूरची_माई
तडजोडीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. बाकीची कलमं आपसात मिटतात पण ११८(१) मिटत नाही. समोरचा राजी असेल तर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात बीएनएसएस ५२८ खाली केस रद्द करून घेता येते, जळगाव धुळे नंदुरबारचं तिकडेच जातं. आणि आबांच्या एनसीचं सोडू नका, टाके आहेत, दांडा आहे, दाखला लावून पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, नाहीच झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. हेल्पलाइन १५१००.

केळीवाला_रावेर
सगळ्यांचे मनापासून आभार. आबांचा दाखला सापडला, कपाटात बियाणांच्या पावत्यांत होता, त्यावर "बोथट वस्तूने जखम, तीन टाके" लिहिलंय. उद्या वकील साहेबांना दाखवतो. पेट्रोल पंपावर आत्ताच फोन केला, फुटेज पंधरा दिवसांचंच असतं म्हणे, ते गेलं. पण गाडीवाल्याकडे वजनकाट्याची पावती आहे, तारीख आणि वेळेसकट. भाऊ म्हणतोय परवा सकाळी ग्राउंड करूनच जातो पोलीस स्टेशनला.