मदत हवी आहे: घरच्या रेकॉर्डिंगसाठी फ्लोअर मॉडेलर (अँपच्या आवाजाची नक्कल करणारं, पायाशी ठेवायचं यंत्र) घ्यावा की लोड बॉक्स (स्पीकरऐवजी अँपला जोडायचा डबा)?

इलेक्ट्रिक गिटार घरीच रेकॉर्ड करतो, तेही सगळे झोपल्यावर. त्यामुळे आवाज हेडफोनबाहेर जाता कामा नये. १५ वॅटचा ट्यूब अँप आहे, पण व्हॉल्यूम दोनच्या पुढे नेल्याशिवाय त्यात जीव येत नाही आणि दोनवरच भिंतीवरची फ्रेम थरथरते.

म्हणून गिटार ऑडिओ इंटरफेसच्या (लॅपटॉपला आवाज पोचवणारा डबा) हाय-झेड, म्हणजे गिटारसाठीच्या इनपुटला लावून लॅपटॉपवर न्यूरल अँप मॉडेलर (अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) वापरतोय, सोबत कॅबिनेटचा आयआर (स्पीकर-पेटीच्या आवाजाचा डिजिटल ठसा). टोन झकास. दुखणं लेटन्सीचं, म्हणजे वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतच्या उशिराचं आहे. ४८ किलोहर्ट्झला बफर (लॅपटॉप एका वेळी घेतो तो आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पलचा ठेवला की येऊन-जाऊन १० मिलिसेकंदांच्या वर जातं आणि पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवलेला) ठोका बोटांच्या मागे पडतो. ६४ वर आणला की कडकड सुरू. ड्रायव्हर बदलला, वायफाय बंद केलं, लॅपटॉपवरचा भार कमी व्हावा म्हणून बाकीचे ट्रॅक फ्रीझ केले (इफेक्टसकट तात्पुरते ऑडिओ करून ठेवले). १२८ वर कसंबसं चालतं, तेही ड्रम येईपर्यंत. डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये (लॅपटॉप टाळून थेट इंटरफेसमधून ऐकताना) कोरडी, म्हणजे अँपचा टोन नसलेली गिटार ऐकू येते, हात आखडतो. लॅपटॉप इतक्यात बदलणार नाही.

यूएसबीवाला फ्लोअर मॉडेलर घेतला तर प्रोसेसिंग त्यातच होईल. लोड बॉक्स घेतला तर स्पीकरशिवाय अँप सुरक्षित चालेल, माझा आवडता आवाजही राहील. पण मग ट्यूब झिजणार आणि टेक घेतल्यावर टोन बदलता येणार नाही.

मॉडेलर वापरणाऱ्यांना विचारायचंय: प्रोसेस केलेला आवाज ऐकत असतानाच कोरडा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घेता का? आणि नंतर त्यावर लॅपटॉपमधलं मॉडेल लावलं, तर वाजवतानाचा अंदाज चुकल्यासारखा वाटतो का?