राष्ट्रीय उद्यानात कयाक आणि तंबू : पुण्याहून दोन रात्रींत जमेल का?

डेक्कनची_चिमणी

नमस्कार मंडळी, जानेवारीत दोन रात्रींची सहल ठरवायची आहे. आम्ही दोघं, माझा भाऊ, वहिनी आणि आमची अकरा वर्षांची लेक. पोहता सगळ्यांना येतं, पण टिळक टँकमध्ये, म्हणजे तळ दिसणाऱ्या पाण्यात.

भाऊ टोरांटोला असतो, सध्या सुट्टीवर आलाय. तिकडे कनूत, म्हणजे एका पात्याच्या वल्ह्याने चालवायच्या उघड्या लांबट होडीत, तंबू आणि शिधा टाकायचा, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं, मध्ये जमीन लागली की होडी डोक्यावर घेऊन चालायचं आणि आधी आरक्षित केलेल्या जागी मुक्काम करायचा, असं तो दर उन्हाळ्यात करतो. त्याचं म्हणणं, आपल्याकडे उद्यानंही आहेत आणि धरणंही आहेत, मग अडतंय कुठे? काल रात्रीपासून नकाशात चांदोलीच्या जलाशयावर बोट ठेवून बसलाय.

तर चांदोली किंवा कोयनेत आपली होडी नेता येते का? कयाक भाड्याने कुठे मिळेल? काठावर तंबू ठोकू देतात का? पवना कृपया सुचवू नका. तिथल्या एका कॅम्पवर रात्री दोनपर्यंत शेजारच्या तंबूवाल्यांची गाणी ऐकली आहेत, आणि तीही सगळी एकाच चित्रपटातली.

आडवाटा

बंधूंना आधी एक गोष्ट सांगा, म्हणजे पुढचे वाद वाचतील. आपल्याकडचं राष्ट्रीय उद्यान हे मुळात प्राण्यांसाठी राखलेलं आहे, माणूस तिथे परवानगीपुरता पाहुणा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आत पाऊल टाकायलाच परवाना लागतो. चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे 2010 मध्ये ते आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वसंतसागर जलाशय नकाशात कितीही निळाशार दिसला तरी तिथे स्वतःची कयाक फुगवून उतरायचं आणि मनाला येईल त्या काठावर झोपायचं, हे होणार नाही. पकडले गेलात तर दंडावर भागेलच असं नाही.

पण म्हणून बेत सोडायचं कारण नाही. तीन तुकडे करा. जंगल दिवसा बघायचं, वनखात्याच्या परवानगीने. वल्हं मारायचं ते गावाकडच्या पाण्यात, जिथे तशी सोय आणि मुभा आहे तिथे. तंबू गावात, कुणाच्या तरी शेतात. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी जमणारी जागा पुण्याहून हाताशी आहे, ती म्हणजे कोयनेच्या जलाशयाकाठची बामणोली-तापोळा ही गावं. चांदोली जीपने बघण्याचं जंगल आहे, झोळंबीचा सडा वगैरे. त्यासाठी वेगळी सुट्टी काढा.

सातारी_कंदी

आमच्या गावाकडचा विषय निघाला म्हणून लिहितोय.

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून खाली उतरलं की बामणोली, सातारा सोडल्यापासून साधारण 35 किलोमीटर. समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी. लांबी सुमारे 50 किलोमीटर आहे, त्यामुळे एका सहलीत तो 'करून टाकू' असं कुणी मनात आणू नये. बामणोलीत गावकऱ्यांचा बोट क्लब आहे. वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं तर तिथेच वनखात्याचा परवाना काढायचा, मग मोटारबोटीने तासा-दीड तासात पायथ्याला, मेट इंदवलीला. तिथे पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात आणि परत येताना पुन्हा मोजतात. बिस्किटांचे पुडे घरीच डब्यात रिकामे करून न्या, वेळ वाचतो. वासोट्यावर मुक्काम बंद आहे. सूर्य कलायच्या आत बोटीत बसायचं म्हणजे बसायचं, कारण पलीकडे गवे आणि अस्वलं आहेत आणि त्यांना तुमच्या रजेशी देणंघेणं नाही.

कयाकसाठी दोन पर्याय. 2024 मध्ये मुनावळ्याला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, जलपर्यटन केंद्र सुरू झालं आहे. तिथे त्या दिवशी काय चालू आहे ते फोन करून विचारा, नुसतं संकेतस्थळ बघून निघू नका. नाहीतर तापोळ्याच्या बाजूला काठावरच्या काही कृषी पर्यटनवाल्यांकडे कयाक असतात. बुकिंग करताना 'कयाक आहे का' एवढंच विचारू नका. किती आहेत, एकेरी की जोडी, लहान मापाची जॅकेटं आहेत का आणि सोबत बोट ठेवता का, हे चारही विचारा. 'आहे की' हे आमच्याकडचं उत्तर फार लवचिक असतं.

पाणकोंबडा

मगरी??

सातारी_कंदी

कृष्णेत सांगलीकडे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या पट्ट्यात आम्ही लहानपणापासून डुंबतोय. तरी रोज पाण्यावर असणाऱ्या बोटवाल्याला विचारूनच उतरा, तो खरं सांगतो.

निवृत्त_पाटबंधारे

या खात्यात आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. धरणाचं पाणी म्हणजे तळं नव्हे. कोयनेचं पाणी पावसाळ्याअखेर वरपर्यंत असतं आणि मग वीजनिर्मितीसाठी उतरत जातं. जानेवारीत काठ बरा असतो. मार्चनंतर पाणी आणि गवत यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. तो वरून सुकलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो. बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याच्या जेमतेम खाली असतात. हवा भरलेली कयाक असेल तर अशा खोडापासून लांब राहावे.

दुसरे, वारा. सकाळी पाणी आरशासारखे असते म्हणून नवखा माणूस मधोमध जातो. अकरा-बारानंतर वारा सुटतो, आणि खोरे लांबलचक असल्यामुळे लाटेला धावायला भरपूर जागा मिळते. जाताना वारा पाठीशी असेल तर माणूस खुशीत लांब जातो. परत येताना तोच वारा तोंडावर. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जावे आणि दमल्यावर वाऱ्यासोबत परतावे. काठापासून जेवढे अंतर आरामात पोहू शकता तेवढ्याच अंतरात राहावे. मासेमारीची जाळी असतात, बाटल्यांचे किंवा थर्माकोलचे तरंगते तुकडे ओळीने दिसले की वळसा घालावा. वल्हे अडकते, आणि कोळ्याचे नुकसान होते ते वेगळेच.

तसेच कुठल्याही धरणात मनात आले म्हणून होडी टाकू नये. काठावरचा फलक वाचावा.

रविवारचा_ट्रेकर

भंडारदरा का नाही कुणी सुचवलं? कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, मध्ये आर्थर लेक, शेंडीहून होडीने रतनवाडी, तिथलं अमृतेश्वराचं देऊळ आणि वर रतनगड. संगमनेर-अकोले-राजूर मार्गे पोचता. थंडी मात्र कडाक्याची. कयाक मिळेलच असं नाही, पण होडी आणि तंबू नक्की.

सातपुडा_प्रेमी

भावाला 'उद्यान' आणि 'कनू' हे दोन्ही शब्द खरे करूनच हवे असतील तर मध्य प्रदेशातलं सातपुडा राष्ट्रीय उद्यान. मढईला देनवा नदीचं, म्हणजे तवा धरणाच्या फुगवट्याचं पाणी होडीने ओलांडूनच आत जावं लागतं. वाघाच्या जंगलात पायी फिरण्याची आणि कनूतून हिंडण्याची सोय असलेली ठिकाणं आपल्या देशात फार थोडी, त्यातलं हे एक. पण वल्हं त्यांच्या माणसाच्या हातात, तुम्ही बसून पाणपक्षी बघायचे. पुण्याहून दानापूरची गाडी इटारसी-पिपरियावरून जाते. दोन रात्री प्रवासातच जातील, त्यामुळे किमान पाच दिवस हवेत. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद.

डेक्कनची_चिमणी

सगळ्यांचे आभार! भावाला वाचून दाखवलं. 'पाहुणा' या शब्दावर थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, बरोबर आहे. सातपुडा पुढच्या वर्षी. आत्ता तापोळा-बामणोली नक्की करतोय.

उरलेल्या शंका : लेकीच्या जॅकेटचं कसं ओळखायचं? आणि निघण्याआधी पुण्यात थोडा सराव करता येईल का? भाऊ सोडला तर आम्ही कुणी वल्हं धरलेलं नाही. शिवाय भाऊ शेकोटीवर अडून बसलाय.

रेगाटावाला

आता माझा प्रांत आला. सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, बोट क्लबवर घडलोय. 1928 पासून चालत आलेला रेगाटा, म्हणजे होड्यांच्या कसरतींचा सोहळा, ज्यांनी मुळा-मुठेच्या काठावरून पाहिलाय त्यांना कयाक काय काय करू शकते हे सांगायला नको. अर्थात ते बघून सोपं वाटतं, तो भाग वेगळा.

कनू आणि कयाक यांत गल्लत नको. भाऊ एका पात्याचं वल्हं मारतो, तुम्हाला इथे मिळेल ती बहुधा वर बसायची प्लास्टिकची कयाक आणि दोन पात्यांचं वल्हं. नवख्यांना हीच बरी, उलटली तरी आत पाणी भरत नाही. लेकीला जोडी कयाकमध्ये पुढे बसवा, मोठं माणूस मागे. दिशा मागचा धरतो.

जॅकेट : घालून सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांवर धरून सरळ वर ओढा. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे आणि पाण्यात तोंडावर येईल. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. बोटीवर सर्रास मिळणारी केशरी, आतला फोम दाबला की दबलेलाच राहतो अशी जॅकेटं परत करा, दुसरी मागा. संकोच करू नका. मापाचं मिळणार नाही अशी शंका असेल तर तिच्यासाठी एक विकतच घ्या, पोहतानाही वापरता येईल.

सरावाचं म्हणाल तर वल्हं मारणं अर्ध्या तासात जमतं. शिकायची गोष्ट म्हणजे उलटल्यावर परत चढणं. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात, काठाजवळ, प्रत्येकाने मुद्दाम पडायचं. कयाक सरळ करायची, मध्यावर आडवे हात टाकायचे, पाय मागे पाण्यात जोरात मारून पोट कयाकवर आणायचं, थांबायचं, मग कुशीवर वळून बूड खोबणीत, शेवटी पाय आत. गुडघा आधी टाकलात की पुन्हा पाण्यात. वल्हं हातातून सोडायचं नाही. बहुतेक जण इथेच दमतात, कारण उठायच्या घाईत पोटावर थांबत नाहीत. लेकीला हे तुमच्या आधी जमेल, तयारी ठेवा.

मोटारबोट शेजारून गेली तर लाटेकडे नाक करून बसा, कुशीवर घेऊ नका.

सातारी_कंदी

शेकोटीचं : काठावर, गवतात अजिबात नको. आमच्याकडे पावसाळा सरला की गवत वाळत जातं आणि फेब्रुवारीपासून वणव्यांची भीती. मुक्कामाच्या घरी अंगणात चूल असते, तिथे बसा. भाकरी, वांग्याची भाजी आणि लसणाची चटणी तिथेच मिळेल. भाऊसाहेबांना टोरांटोत ही मिळत नसणार. तंबूत खायचं काही ठेवू नका, माकडं चेन उघडतात. हो, खरंच उघडतात.

पहाटे दव इतकं पडतं की तंबूचं बाहेरचं कापड पिळावं लागतं. पाण्याच्या अगदी काठाला ओल आणि गारठा जास्त, तंबू थोडं वर चढून ठोका, पण कड्याखाली नव्हे, तिथे आग्या मोहोळ असतं. अत्तर, स्प्रे घरी ठेवा.

डेक्कनची_चिमणी

मग असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. शुक्रवारी पहाटे निघून दुपारी तापोळ्याजवळ मुक्कामी, संध्याकाळी काठावर फक्त पडण्याचा आणि चढण्याचा सराव. शनिवारी उजाडल्यापासून दहापर्यंत कयाक, कोयना आणि सोळशीच्या संगमाच्या बाजूला, सोबत बोट ठेवून. दुपारी बामणोलीच्या बाजूला मुक्काम हलवायचा. रविवारी सकाळी परवाना, वासोटा, आणि रात्री पुणे. 26 जानेवारीला जोडून सोमवारही घ्यावा का?

आडवाटा

वासोट्याच्या दिवशीच रात्री पुणे हे ओढाताणीचं आहे. उतरल्यावर बोट, मग कासचा घाट, मग हायवे, आणि मागच्या सीटवर झोपलेली लेक. वासोटा शनिवारी करा, कयाक रविवारी सकाळी करा, दहाला पाण्याबाहेर, जेवून निघा. शिवाय पहिला मुक्कामच बामणोलीला ठेवा म्हणजे शनिवारी बोटीला पहिला नंबर लागतो. संगमाकडे रविवारी जाता येईल, नाही जमलं तर बामणोलीसमोरचं पाणी काही कमी नाही. कयाक घेऊन कुठपर्यंत जायचं हे बोट क्लब आणि वनखातं सांगेल तीच हद्द.

26 जानेवारी विसरा. अख्खं पुणे कासच्या रस्त्यावर असतं आणि तुम्ही खंबाटकीतच नाश्ता कराल. त्याच्या आधीचा शनिवार-रविवार धरा.

सातारी_कंदी

+1. आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं घ्या, परवान्याला लागतात. लेकीचं आधार विसरू नका. भाऊ परदेशी नागरिक झाला असेल तर पासपोर्ट. रोख पैसे साताऱ्यातच काढा, खाली रेंज कधी असते, कधी नसते.