मदत हवी आहे: रिकर्व्ह धनुष्य, ऑक्टोबरची थंडी आणि हॅमॉकमधला मुक्काम (मिशिगन)

नमस्कार मंडळी,

आधीच एक सांगून टाकतो. भारतात १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी असं माझंही मत आहे. इथे मिशिगनमध्ये व्हाइटटेल हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, रीतसर होते. तीन वर्षांपूर्वी कंपाउंड (पुल्यांच्या) धनुष्याने एक हरीण मिळालं, त्याचं मटण आम्हाला आठ महिने पुरलं. शिकार करावी की नाही हा वाद कृपया या धाग्यावर नको, मला खरंच मदत हवी आहे.

गेल्या वर्षीपासून कंपाउंड सोडून रिकर्व्ह घेतलं. पुल्या नाहीत, नेम धरायची साइट नाही, दोरी सोडायचा ट्रिगर नाही. दोरी ओढून बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं आणि सोडायचं. धनुष्य ६२ इंची, तीन तुकड्यांत सुटं होणारं, ४५ पौंडांचं. पंधरा यार्डांवरून पाचही बाण कागदी थाळीत बसतात. वीस यार्डांवर एखादा बाहेर जातो, म्हणून पंधराच्या पलीकडे बाण सोडायचा नाही, असं ठरवलंय.

आता पंधरा यार्ड म्हणजे हरीण जवळजवळ अंगावर येऊ द्यायचं. उजाडायच्या आत जागेवर बसलेलं असावं लागतं. माझं घर डेट्रॉइटजवळ, रान ग्रेलिंगच्या बाजूला, गाडीने तीन तासांवर. (नावाजलेले धनुर्धारी शिकारी फ्रेड बेअर यांनी १९४७ साली धनुष्यांचा कारखाना हलवला तेच हे ग्रेलिंग. तिथल्या रानात लाकडी बाण घेऊन बसताना मला फार बरं वाटतं.) म्हणून रानातच मुक्काम. स्टेट फॉरेस्टमध्ये मुक्कामाचं कार्ड भरून जागेवर लावलं की फुकट राहता येतं. तंबूपेक्षा हॅमॉक (दोन झाडांमध्ये बांधायचा कापडी झोळा) हलका, आणि सकाळी उठून गेलं की जमिनीवर खूण उरत नाही.

गेल्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा असा गेलो. पारा शून्याच्या खाली होता. स्लीपिंग बॅग घेताना दुकानात सांगितलं होतं की उणे सातपर्यंत काळजी नाही. रात्री एकला पाठ अशी गारठली की जणू बर्फाच्या लादीवर झोपलोय. वरून ऊब, खालून बर्फ. त्यानंतर झोप नाहीच.

साडेपाचला उठून ओकच्या झाडांखाली एका आडव्या पडलेल्या खोडाला टेकून बसलो. आठच्या सुमाराला एक मादी आली. खाली पडलेली ओकची फळं फोडून खात होती, दाढेखाली कवच फुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. चौदा पावलांवर आडवी उभी राहिली, मान खाली. मी दोरी ओढायला लागलो आणि हात थरथरायला लागले. बाणाची काडी धनुष्याच्या टेकूवर टकटक वाजत होती. अर्ध्यावरूनच दोरी परत सोडली. तिने डोकं वर केलं, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि निघून गेली.

बाण सोडला नाही याचं मला दुःख नाही. तशा हाताने सोडला असता तर तो पोटात लागला असता आणि ते जनावर रात्रभर कुठेतरी तडफडलं असतं. पण रात्रीची झोप नीट असती तर ही वेळच आली नसती.

तेव्हा मुख्य प्रश्न पाठीचा. दुसरा वाऱ्याचा: मी हॅमॉक टेकाडावर बांधला होता, ओकची झाडं खाली दोनशे पावलांवर. त्याच संध्याकाळी दोन हरणं उताराखाली थबकली, नाकं टेकाडाकडे वळवून जोरात फुरफुरली आणि पळाली. वारा तर मला अजिबात जाणवत नव्हता. तिसरं, पावसात धनुष्य आणि बाणांची पिसं कुठे ठेवायची? चौथं, एकट्याने हरीण बाहेर कसं काढायचं? १ ऑक्टोबरला हंगाम उघडतोय.

— ओकखाली

---

पानगळ:
दोरी परत सोडलीत, उत्तम केलंत.

पाठीचं कारण सोपं आहे. स्लीपिंग बॅगमध्ये ऊब धरते ती आतली फुगलेली हवा. हॅमॉकमध्ये तुमच्या वजनाने खालची बाजू चपटी होते आणि बाहेरून वारा थेट लागतो. अंडरक्विल्ट (हॅमॉकखालची रजई) घ्या. ती हॅमॉकच्या बाहेरून, खालून टांगतात, त्यामुळे दबत नाही. मात्र हॅमॉकला अगदी चिकटून हवी, मध्ये फट राहिली तर उपयोग शून्य. तेवढा खर्च नको असेल तर फोमची जाड चटई आत घाला. आणि सरळ न झोपता तिरपं झोपा, पाठ सपाट राहते.

ग्रेलिंगची जमीन वाळूची आहे. ताडपत्रीचे आखूड खुंट रात्री उपटून येतात. लांब खुंट न्या, नाहीतर जाड फांदीला दोरी बांधून ती आडवी पुरा.

दोरखंड:
एक राहिलं. झाड बघून बांधा. डेट्रॉइटच्या परिसरात २००२ साली ॲशची झाडं पोखरणारा किडा सापडला, त्यानंतर राज्यभर ॲश वाळून उभे आहेत. साल उकललेली दिसली की त्या झाडापासून लांब. झोपण्यापूर्वी वर टॉर्च मारून सुटी, वाळकी फांदी अडकलेली आहे का तेही पाहा. पट्टे किमान इंचभर रुंद वापरा, साल सोलवटत नाही.

रानवारा:
वारा नव्हता हे तुमचं बरोबर आहे, पण हवा वाहत होती. सूर्य कलला की उतारावरची हवा गार आणि जड होऊन खाली घरंगळते. तुमचा घाम, चूल, कॉफी, सगळ्याचा वास ओकपर्यंत पोचला. सकाळी ऊन तापलं की उलट, हवा वर चढते. म्हणून मुक्काम ना थेट वर, ना थेट खाली. अर्धा मैल बाजूला, मध्ये टेकाडाची एखादी सोंड किंवा ओढा असेल असा. बसायच्या जागी खिशातून चिमूटभर टाल्कम पावडर सोडून बघा, हवा कुठे जाते ते डोळ्यांना दिसतं.

फायबरग्लासच्या धनुष्याला पाऊस काही करत नाही, ताडपत्रीखाली आडवं टांगा. पिसं ओली झाली की चपटी पडतात, भात्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. ब्रॉडहेड (बाणांची धारदार पात्यांची टोकं) झाकलेला भाता हॅमॉकपासून लांब ठेवा. नायलॉन एका स्पर्शात फाटतं, आणि अंधारात हातही.

एकट्याने बाहेर काढायचं असेल तर रस्त्यापासून अर्ध्या मैलाच्या आतच बसा. आतडी काढूनही मादी चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. मुलांची बर्फावरची प्लॅस्टिकची घसरगाडी न्या, पानांवरूनही छान ओढता येते. परवान्याचा टॅग हरणाला जागेवरच लावा आणि ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करा. तिकडे काळी अस्वलं आहेत, मांस मुक्कामाजवळ टांगू नका. बाण लागल्यावर किमान अर्धा तास जागचे हलू नका. पोटात लागल्याची शंका असेल तर सहा-आठ तास.

---

ओकखाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. अंडरक्विल्ट उसनी मिळाली. काल मागच्या अंगणात हॅमॉक बांधून झोपलो, पहाटे पारा सहा अंशांवर होता. पाठ शेवटपर्यंत गरम होती. पहिल्यांदा मात्र क्विल्ट ढिली राहिली होती, पानगळ म्हणतात तशी फट पडली. उठून घट्ट केल्यावर फरक लगेच कळला.

उठल्याबरोबर, चहाही न घेता, क्लबच्या रेंजवर गेलो आणि पंधरा यार्डांवरून पाच बाण मारले. चार थाळीत, पहिला बाहेर. रानात मिळणार तो पहिलाच, म्हणून पुढचे दहा दिवस रोज सकाळी एकच बाण मारणार आहे. पहिला बाण सलग आत बसला तरच जाईन.

ग्रेलिंगच्या बाजूला दुसऱ्या आठवड्यात कुणी असाल तर कळवा. हरीण मिळालं तर ओढायला हात लागेल, आणि मटणात वाटा आनंदाने देईन.