नुसती खुर्ची बदलून भागत नाही

महागडी खुर्ची घेतली की कंबरदुखी थांबते, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. माझी पुतणी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करते. परवा डबा द्यायला गेलो, तर ही खुर्चीच्या कडेवर घसरलेली, पाठीचं पार धनुष्य झालेलं, पाय समोरच्या दांडीवर. असं बसलं की कमरेचा मूळचा बाक सपाट होतो आणि ताण मागच्या बाजूला येतो. मणक्यांमधल्या गाद्यांना थेट रक्तपुरवठा जवळपास नसतोच, त्यांच्या पोषणाला हालचालीचा हातभार लागतो. मग ताठ बसूनही तीन तास हललंच नाही तर काय उपयोग? तिला मी मुद्दाम लहान बाटली दिलीय, म्हणजे पाणी भरायला सारखं उठावं लागतं. आणि हो, पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मालिश वगैरे नको, थेट डॉक्टरांकडे जा.