उंदराच्या गाठीचे दोन स्कॅन जुळत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पीएचडीचं दुसरं वर्ष. बाल्ब-सी जातीच्या उंदरिणींच्या स्तनाच्या चरबीत ४टी१ या स्तनकॅन्सरच्या पेशी टोचते. पेशींत ल्युसिफेरेज हे एन्झाइम आहे, म्हणजे त्याचं खाद्य ल्युसिफेरिन पोटात सुईने दिलं की गाठ चमकते. प्रकाश टिपणारा कॅमेरा वरच्या मजल्यावर, पेट-सीटी (किरणोत्सारी द्रव्य अंगात कुठे साठतं ते दाखवणारा स्कॅनर) तळघरात.

तिसऱ्या आठवड्यात कॅलिपरवर गाठ वाढलेली, कॅमेऱ्यात मात्र सिग्नल उतरलेला. गाईड म्हणतात, ल्युसिफेरिनची सुई चुकली असेल. एकदा चुकेल हो, पाचही उंदरिणींत?

दुसरं, खाली नेईपर्यंत उंदरीण जागी होते. पुन्हा भूल दिली की पाठीचा बाक वेगळाच. दोन्ही यंत्रांची चित्रं एकमेकांवर ठेवली तर डोकं बसतं, गाठ तीन-चार मिलिमीटर बाजूला. गाठच मुळात आठ मिलिमीटरची! शिवाय एफडीजीत (पेटसाठी टोचतात ते किरणोत्सारी ग्लुकोज) खांद्यांच्या मधोमध लख्ख उजेड. दिवसभर मी त्याला कॅन्सर पसरला समजून बसले होते.

प्रतिसाद १
तो उजेड तपकिरी चरबीचा. उंदराला थंडी वाजली की ती ग्लुकोज ओढते. एफडीजीच्या आधीपासून उबेत ठेवा.

सिग्नल उतरणं खरं असू शकतं. ल्युसिफेरेजला ऑक्सिजन आणि एटीपी, म्हणजे जिवंत पेशीचं इंधन, लागतं. ४टी१ची गाठ फुगली की मध्यभागी मरते, आणि कॅलिपर मेलेलं-जिवंत सगळंच मोजतो. पेटमध्ये मधोमध भोक दिसतंय का बघा. पण एकाच फोटोवर जाऊ नका. किलोमागे १५० मिलिग्रॅम ल्युसिफेरिन देऊन अर्धा तास दर दोन मिनिटांनी फोटो काढा आणि शिखर पकडा. सुई आतड्यात गेली असेल तर तेही आलेखात कळतं.

जुळवणीसाठी उंदीर उचलू नका, पलंग उचला. दोन्ही यंत्रांत बसेल असा ट्रे, त्यावर चिकटपट्टीने पाय, नाकाशी भुलीच्या आयसोफ्लुरेनची नळी. तरी कॅमेऱ्याचं चित्र सपाट आहे, उजेडही कातडीपर्यंत येताना पसरतो. तिथे मिलिमीटरचा हट्ट धरू नका.

प्रतिसाद २
एफडीजी मुरायला तासभर लागतोच, त्या वेळात कॅमेरा उरकता येईल. त्यातल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं, घाई नाही.

धागाकर्ती
भोक आहे! जुने पेट स्कॅन आत्ताच उघडून पाहिले, पाचपैकी चारांत. पण कॅमेऱ्याच्या खोलीत किरणोत्सारी उंदीर न्यायची परवानगी नाही. मग कॅमेरा आधी उरकून, त्याच भुलीत खाली नेऊन एफडीजी दिलं तर उंदरीण इतका वेळ भूल सोसेल? कुणी केलंय का?