मदत हवी आहे: आईच्या ऑनलाइन शिकवणीत आवाज तुटतो, राउटरचं क्यूओएस (कोणाच्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) आणि सुरक्षा कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

माझी आई साताऱ्याला असते. शनिवार-रविवारी संध्याकाळी सात ते साडेआठ ती अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवते. आई ओळ म्हणते, मुलं मागून म्हणतात. गेले दोन महिने नेमक्या याच वेळी आवाज तुटतोय. तान मध्येच नाहीशी होते, कधी मुलांची ओळ इतक्या उशिरा पोचते की आईने पुढची सुरू केलेली असते. परवा ती म्हणाली, "पोरीचा कोमल गंधार लागला की नाही हेच कळत नाही, मग शिकवू काय?" शिकवणी बंद करायचं तिच्या मनात आलंय, म्हणून पुण्याहून मुद्दाम आलोय.

घरची जोडणी अशी: फायबरवाल्या कंपनीचा डबा, त्यातच त्यांचा राउटर. त्याला केबलने आमचा स्वतःचा राउटर जोडलाय. आईचा लॅपटॉप आणि सगळे फोन आमच्या वायफायवर. टीव्ही आणि खालच्या दुकानातल्या चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) मात्र कंपनीच्या डब्याला, कारण ती केबल तिथवरच पुरली.

प्लॅन ५० एमबीपीएसचा. दुपारी मोजलं तर डाउनलोड ४८, अपलोड ११, पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) ९ मिलिसेकंद. काल सात वाजता पिंग ३५० ते ६०० च्या मध्ये हेलकावत होता. तेव्हा बाबा शेतावरून मोबाइलवर चारही कॅमेरे बघत होते. लॅपटॉपला थेट केबल लावून पाहिली, तरी तेच. म्हणजे वायफायचा दोष नाही. आमच्या राउटरवर क्यूओएस चालू केलं, वेगाच्या दोन्ही रकान्यांत ५० लिहिलं, लॅपटॉपला सर्वात वरचं प्राधान्य दिलं. काडीचा फरक नाही.

हे करताना सुरक्षेचंही बघितलं आणि धास्तावलो. कंपनीच्या डब्याचं लॉगिन अजून मागच्या स्टिकरवरचंच आहे. वायफायचा पासवर्ड म्हणजे बाबांचा मोबाइल नंबर, जो दुकानाच्या पाटीवर लिहिलाय. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) चालू. कॅमेरे बसवून गेलेल्यांनी डीव्हीआर डीएमझेडमध्ये (म्हणजे बाहेरून येणारं सगळं सरळ त्याच्याकडे जाईल असा) टाकून ठेवलाय. कंपनीच्या डब्यावर वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.७८ ने सुरू होणारा दिसतो.

क्यूओएस कुठे चुकतंय? आणि पुण्यातून सेटिंग बघता यावं म्हणून रिमोट मॅनेजमेंट चालू ठेवलं तर चालेल का? रविवारी रात्री परत निघायचंय.

प्रतिसाद १

तुमचं दुखणं अपलोडचं आहे. कॅमेऱ्याचा मुख्य स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र) साधारण २ एमबीपीएस धरला तरी चारांचे ८ होतात. ११ मधून ८ गेले, त्यात कोणाच्या फोनने फोटो चढवायला घेतले की संपलं. मग डेटाची पाकिटं कंपनीच्या डब्यात रांगेत तुंबतात आणि आईच्या आवाजाचं पाकीटही त्याच रांगेत उभं राहतं. कॉल बंद पडत नाही, उशीर वाढत जातो. बोलण्यात तो निभावतो, गाण्यात नाही.

आता दोन चुका. पहिली, डीव्हीआर कंपनीच्या डब्याला आहे, म्हणजे त्याची वाहतूक तुमच्या राउटरला दिसतच नाही. जे हातून जात नाही त्याला तो रांग कशी लावणार? डीव्हीआर आणि टीव्ही दोन्ही तुमच्या राउटरमागे आणा. लांब केबल विकत घ्या, पण हे आधी करा.

दुसरी चूक त्या ५० ची. रांग आपल्या राउटरमध्ये लागली तरच प्राधान्याला अर्थ आहे. अपलोड ५० लिहिलंत, तर ११ च्या वाटेवर तो कधीच हात आखडणार नाही आणि रांग पुढच्या डब्यातच लागेल. प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के लिहा: अपलोड १०, डाउनलोड ४३. थोडा वेग सोडावा लागतो, पण पिंग स्थिर राहतो. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालत असेल तर एसक्यूएममध्ये (तिथली रांग सांभाळणारी सोय) केक ही पद्धत निवडा, उपकरणागणिक प्राधान्य लावत बसावं लागणार नाही.

प्रतिसाद २

रिमोट मॅनेजमेंट अजिबात नको. तसाही १००.७८ हा सीजीनॅटचा पत्ता आहे, म्हणजे कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटते (१००.६४ ते १००.१२७ ही पट्टी त्यासाठीच राखलेली आहे), त्यामुळे बाहेरून तिथवर थेट पोचता येणार नाही. पुण्यातून बघायचंच असेल तर घरच्या लॅपटॉपवर स्क्रीन दाखवणारं ॲप ठेवा आणि आईने परवानगी दिली की जोडा.

याच कारणाने तो डीएमझेडही आज निरुपयोगी आहे, कॅमेरे ॲपच्या क्लाउडमार्फत दिसत असणार. पण उद्या कोणी स्टॅटिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा कायमचा पत्ता) घेतला की डीव्हीआर उघड्यावर येईल. २०१६ सालच्या मिराई या घातक सॉफ्टवेअरने असेच कारखान्यातला पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर गोळा केले होते. डीएमझेड काढा, डीव्हीआरचा पासवर्ड बदला.

डब्ल्यूपीएस दोन्हीकडे बंद करा. पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११ पासून जगजाहीर आहे. वायफायच्या सुरक्षेला डब्ल्यूपीए२ एईएस हा प्रकार पुरेसा आहे, सगळी उपकरणं नवी असली तर डब्ल्यूपीए३. दोन्ही राउटरचं लॉगिन बदला, फर्मवेअर (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. दुकानातल्या गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल तर गेस्ट नेटवर्कवरूनच द्या.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल तीस मीटर केबल आणून डीव्हीआर आणि टीव्ही आमच्या राउटरला जोडले. पहिला अर्धा तास डीव्हीआर दिसेचना. त्यात १९२.१६८.१ चा ठरावीक पत्ता घातलेला होता आणि आमचा राउटर १९२.१६८.० चे पत्ते वाटतो. डीएचसीपी (राउटरने दिलेला पत्ता आपोआप घेणं) केल्यावर लगेच आला. डीएमझेड काढला तरी बाबांच्या ॲपवर कॅमेरे तसेच दिसतायत.

क्यूओएसमध्ये १० आणि ४३ लिहिलं. आज शिकवणीच्या वेळी बाबांना मुद्दाम चारही कॅमेरे उघडायला सांगितले. पिंग १४ ते ३०, दीड तासात एकदाही तुटला नाही. बाबांची चित्रं थोडी अडखळत होती, म्हणून त्यांना ॲपमध्ये सबस्ट्रीम (कमी दर्जाचं, हलकं चित्र) लावून दिला. नवा वायफाय पासवर्ड आईने तिच्या चिजांच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलाय.

आई आज भीमपलास शिकवत होती. तिने एका मुलीला थांबवून गंधार तीनदा म्हणायला लावला.